लिंक्डइनवर पद नाही, काम लिहा

२०२३ सालात जवळजवळ वर्षभर माझ्या लिंक्डइन प्रोफाइलवर नावाखाली एकच ओळ होती: ‘सीनिअर एक्झिक्युटिव्ह’. त्याआधी सतरा वर्षं मी वाशी आणि सीबीडी बेलापूरमधल्या कस्टम ब्रोकरांच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्यांच्या, ऑफिसांत एक्स्पोर्टचे कागद केले होते. शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती) ड्राफ्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, एलसीचे (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेने दिलेली पैशांची हमी) कागद तपासून बँकेत देणं. यातलं एक अक्षरही त्या प्रोफाइलवर नव्हतं. अकरा महिन्यांत नोकरीबद्दल एकही मेसेज आला नाही. डिसेंबरमध्ये ती ओळ बदलली आणि तिसऱ्या आठवड्यात पहिला फोन आला.

मी ऐरोलीत राहते. नंतरच्या काळात ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या शेजारी बसून त्यांची प्रोफाइलं नीट केली. कुणी आयटीतलं, कुणी कारखान्यातलं, कुणी अकाउंट्समधलं. चूक सगळ्यांची तीच होती जी माझी होती, म्हणून जे केलं आणि ज्याचा उपयोग झाला ते सविस्तर लिहिते आहे.

समोरच्याला काय दिसतं

हे मला समजलं ते आमच्या सोसायटीतल्या एका ताईंमुळे. त्या महाप्याला एका कंपनीत एचआरला आहेत. एका रविवारी त्यांनी लॅपटॉप उघडून मला दाखवलं की माणूस हवा असतो तेव्हा त्या नेमकं काय करतात. शोधाच्या चौकटीत कामाचे शब्द टाकतात, जागा टाकतात, किती वर्षांचा अनुभव हवा ते टाकतात. समोर यादी येते. प्रत्येकाचा फोटो, नाव, नावाखालची ओळ, सध्याची कंपनी आणि ठिकाण, एवढंच. त्यातली सहा-सात प्रोफाइलं उघडायची, दोघा-तिघांना फोन करायचा.

मी म्हटलं, ताई, मला शोधून दाखवा. त्यांनी ‘एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन’ टाकलं, ‘नवी मुंबई’ टाकलं. एक पान गेलं, दुसरं गेलं, पाचवं गेलं. मी कुठेच नव्हते. मग ‘सीनिअर एक्झिक्युटिव्ह’ टाकून पाहिलं तर बँकेतले, हॉटेलातले, विमा विकणारे, औषध कंपन्यांतले, सगळ्या जगाचे सीनिअर एक्झिक्युटिव्ह पुढ्यात आले. त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ नुसती बसून होते. सतरा वर्षं काम केलेलं, आणि शोधणाऱ्याच्या लेखी मी नव्हतेच.

आमच्या कामात प्रत्येक खोक्यावर शिपिंग मार्क असतो. आत माल कितीही चांगला असो, मार्क नसेल तर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनरच्या गोदामात, ते खोकं कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही आणि ते बाजूला पडून राहतं. माझ्या प्रोफाइलचं तेच झालं होतं.

लिंक्डइनच्या कमाईचा मोठा भाग भरती करणाऱ्या कंपन्यांकडून येतो. त्या शोधाच्या सोयीसाठी पैसे मोजतात. आपल्याला मात्र खातं मोफत मिळतं आणि नोकरी शोधायला ते पुरतं. प्रीमियमचा एक महिना फुकट देतात, पण त्यासाठी कार्ड द्यावं लागतं आणि वेळेत रद्द केलं नाही तर पैसे कापले जातात. मी कधी घेतलं नाही.

शब्द कुठून आणायचे

वही घ्या. लिंक्डइनवर आणि नोकरी डॉट कॉमवर आपल्या कामाच्या दहा जाहिराती शोधा. पगार, कंपनी, शिफ्ट हे तूर्त सोडून द्या. जाहिरातीत कामाचे जे शब्द आलेत तेवढे वहीत उतरवा. दुसऱ्या जाहिरातीत तोच शब्द आला की त्याच्यापुढे रेघ मारा. दहा जाहिराती संपेपर्यंत कुठल्या शब्दापुढे आठ रेघा आहेत आणि कुठल्यापुढे एकच, हे डोळ्यांसमोर येतं.

माझ्या वहीत ‘शिपिंग बिल फायलिंग’ आठदा आलं, ‘आइसगेट’ (कस्टम्सचं ऑनलाइन पोर्टल) सातदा, ‘प्री-शिपमेंट आणि पोस्ट-शिपमेंट’ सहादा, मग एलसी, बीएल, ड्रॉबॅक (निर्यातीवर परत मिळणारा कर), एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा क्रमांक), व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं वजन). हे सगळं मी रोज करत होते. आइसगेट आमच्या टेबलावर दिवसभर उघडं असायचं. २०१६ च्या जुलैपासून कंटेनरचं प्रमाणित वजन कळवणं सक्तीचं झालं, तेव्हा आमच्या ऑफिसातली व्हीजीएमची पहिली पद्धत मीच बसवली होती. पण ते इतकं रोजचं झालं होतं की सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही.

आता त्या यादीतलं जे आपण स्वतःच्या हाताने केलं आहे त्यावर टिक करा. नुसतं शेजारच्या टेबलावर होताना पाहिलेलं सोडून द्या. माझ्या यादीत धोकादायक मालाची कागदपत्रं पाच जाहिरातींत होती. मी ती कधी केली नव्हती, म्हणून लिहिली नाहीत. खोटा शब्द लिहिला तर फोन येईल, पण दुसऱ्याच प्रश्नाला सगळं उघडं पडेल, आणि न्हावा शेवा बंदराच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

उरलेल्या शब्दांतून नावाखालची ओळ करायची. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे. माझी ओळ अशी झाली, प्रोफाइलवर अर्थात इंग्रजीत, कारण शोधणारे इंग्रजीतच शोधतात (त्यातला रीफर म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर):

‘एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन, १७ वर्षं | शिपिंग बिल, आइसगेट, एलसी, बिल ऑफ लेडिंग, ड्रॉबॅक | सी आणि एअर | फळं, भाजीपाला, रीफर कंटेनर | न्हावा शेवा’

लघुरूप आणि पूर्ण रूप दोन्ही प्रोफाइलवर कुठेतरी असू द्या. कुणी ‘एलसी’ टाकून शोधतं, कुणी ‘लेटर ऑफ क्रेडिट’. आमच्या धंद्यात आजही सगळे ‘सीएचए’ (कस्टम हाउस एजंट) म्हणतात, पण कायद्यात आता ‘कस्टम्स ब्रोकर’ आहे. मी दोन्ही लिहिलं.

ज्यांचं काम कागदावरचं नाही त्यांना हे जास्त अवघड जातं. आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी रबाळ्याच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षं काढली. त्यांच्या मुलाने प्रोफाइल काढून दिलं होतं, त्यावर लिहिलं होतं ‘मेकॅनिकल’. मी काकांना जाहिराती वाचायला लावल्या नाहीत. विचारलं, ‘काका, सकाळी कार्ड पंच केल्यावर तुम्ही पहिलं काय करता?’ ते म्हणाले, ड्रॉइंग बघतो. मग जॉब क्लॅम्प करतो, टूल लावतो, ऑफसेट घेतो, पहिला पीस काढून मायक्रोमीटरने मोजतो, क्वालिटीवाल्याकडून पास करून घेतो, मग लॉट सोडतो. नवीन पोरगा मशीनवर आला की त्याला शिकवतो. मी हे बोलता बोलता लिहून घेतलं आणि त्यांना परत वाचून दाखवलं. म्हणाले, ‘हे लिहायचं असतं होय?’ हेच लिहायचं असतं. त्यांची ओळ झाली (व्हीएमसी म्हणजे धातू कापणारं संगणकावर चालणारं मशीन): ‘व्हीएमसी सेटर कम ऑपरेटर, २५ वर्षं | फानुक कंट्रोल | सेटिंग, ऑफसेट, फर्स्ट पीस इन्स्पेक्शन | ऑपरेटर ट्रेनिंग | रबाळे, महापे, वागळे इस्टेट’.

छोट्या वर्कशॉपचे मालक लिंक्डइनवर माणसं शोधत नाहीत हे खरं आहे. तिथे अजूनही गेटवरचा बोर्ड आणि जुन्या सहकाऱ्याचा फोन चालतो. पण काकांना त्या प्रोफाइलचा वेगळाच उपयोग झाला. कुणी बायोडेटा मागितला की मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर ती लिंक पाठवायचा, आणि समोरच्याला दोन मिनिटांत कळायचं की हा माणूस सेटिंग करतो, नुसतं बटण दाबत नाही.

आपल्याच तोंडाने

इथे आपली बहुतेक माणसं अडतात. आपलं कौतुक आपण करू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. मीही ‘अबाउट’चा रकाना कित्येक दिवस रिकामा ठेवला होता, कारण जे काही लिहावं ते फुशारकीचं वाटायचं. शेवटी मला यातून वाट सापडली ती आकड्यांची. आकडा म्हणजे कौतुक नव्हे, झालेली गोष्ट. ‘मी अत्यंत कार्यक्षम आहे’ हे लिहायला हात धजत नाही. ‘महिन्याला साधारण १८० शिपिंग बिलं, त्यातली निम्मी रीफर कंटेनरची’ हे लिहायला संकोच कसला?

‘अबाउट’मध्ये २६०० अक्षरं मावतात, पण उघडल्याबरोबर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीच्यासाठी पुढे दाबावं लागतं. म्हणून काय करता, कशाचं करता आणि कुठे करता हे त्या ओळींतच आलं पाहिजे. मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर या शब्दांनी सुरुवात करू नका. ते शब्द टाकून कुणी माणूस शोधत नाही. माझ्या पहिल्या दोन वाक्यांचा अर्थ असा: ‘नाशिक आणि सांगलीहून येणारी द्राक्षं, कोकणातला हापूस आणि ताजी भाजी न्हावा शेवा आणि मुंबई विमानतळावरून बाहेर पाठवण्यासाठी लागणारे सगळे कागद मी १७ वर्षं केले आहेत. नाशवंत मालाला थांबून चालत नाही, म्हणून फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचं प्रमाणपत्र), शिपिंग बिल आणि बीएलचा ड्राफ्ट कंटेनर गेटवर पोचायच्या आत तयार ठेवण्याची मला सवय आहे.’

अनुभवाच्या रकान्यातही तसंच. ‘जबाबदाऱ्या’ म्हणून पंधरा ओळींची यादी नको. प्रत्येक नोकरीखाली तीन-चार गोष्टी पुरेत, पण अशा की त्या त्या नोकरीत तुम्हीच केल्या होत्या. मी एका ठिकाणी लिहिलं की नवीन आलेल्या चौघींना एलसी वाचायला शिकवलं. मुलाखतीत त्यावरच सर्वांत जास्त बोलणं झालं.

एक पथ्य मात्र पाळा. पार्टीचं, म्हणजे निर्यातदार ग्राहकाचं, नाव, रेट, कुठल्या देशातला खरेदीदार, हे काही लिहायचं नाही. ते मालकाचं असतं. ‘द्राक्ष निर्यातदार’ एवढं पुरतं.

मधला खंड

२०२० च्या अखेरीला मी नोकरी सोडली. सासरे अंथरुणाला खिळले होते आणि घरात त्यांच्याजवळ कुणीतरी पूर्णवेळ हवं होतं. दोन वर्षांनी ते गेले. त्यानंतर मी परत काम शोधायला लागले तेव्हा ही दोन वर्षं कशी लपवायची याचाच विचार करत होते. आधीच्या नोकरीची तारीख पुढे ओढावी, असंही एकाने सुचवलं. तसं करू नका. पीएफच्या नोंदीत खरी तारीख असते आणि मोठ्या कंपन्या ती तपासतात.

लिंक्डइनने २०२२ मध्ये ‘करिअर ब्रेक’ नावाची स्वतंत्र नोंद सुरू केली. अनुभवाच्या रकान्यातच ती करता येते आणि कारण निवडता येतं. मी घरातल्या माणसाच्या देखभालीचं कारण निवडलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या. पहिली, पूर्णवेळ देखभाल केली. दुसरी, या काळात निर्यातीच्या नियमांत काय बदललं ते मी वाचून घेतलं आहे. दुसरी ओळ लिहायची तर ती खरी हवी, म्हणून मी खरोखर बसून वाचलं. मी काम सोडलं तेव्हा निर्यातदारांना सवलत देणारी एमईआयएस योजना संपत होती, १ जानेवारी २०२१ पासून तिच्या जागी रोडटेप आली आणि तिचा दावा शिपिंग बिलातच करावा लागतो. मुलाखतीत अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला, ‘मधे दोन वर्षं हात सुटला असेल ना?’ मी रोडटेपबद्दल बोलले. त्यांनी पुढचा प्रश्न कामाचा विचारला.

ज्या बायका मुलांसाठी किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी थांबल्या आहेत त्यांना माझं कळकळीने सांगणं आहे की तो रकाना भरा. रिकामी जागा बघून माणसं मनाला येईल ते समजतात.

बाकीची मांडणी

फोटो लग्नातला, ग्रुपमधून कापलेला किंवा गॉगल लावलेला नको. माझा फोटो मुलीने सकाळी साडेआठच्या उजेडात बाल्कनीच्या पांढऱ्या भिंतीसमोर काढला. खर्च काही नाही.

प्रोफाइलची लिंक आकड्यांच्या शेपटीसकट मिळते, ती बदलून स्वतःच्या नावाची करून घ्या, बायोडेट्यावर छापायला बरी पडते. बदल करायला बसण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ‘प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवा’ हे बंद करा, नाहीतर तुम्ही दहा वेळा खोडून लिहिलेलं सगळ्यांना कळत राहतं. स्किल्सच्या यादीत वहीतले टिक केलेले शब्द जसेच्या तसे भरा, महत्त्वाचे वर.

ठिकाणाकडे मात्र नीट लक्ष द्या. माझी मामेबहीण ठाण्यात नौपाड्याला राहते, अकाउंट्सचं काम करते, आणि तिच्या प्रोफाइलवर कॉलेजपासून ‘रत्नागिरी’ राहिलं होतं. शोधणाऱ्याने जागा निवडली की ती चाळणीतून खाली. आपण खरंच किती लांब जाऊ शकतो याचाही विचार आधी करून ठेवा. ट्रान्स-हार्बर लोकलमुळे ठाणे, ऐरोली, घणसोली, तुर्भे, नेरूळ हा सगळा पट्टा एकच धरता येतो. मी उरणजवळच्या द्रोणागिरीच्या बाजूच्या नोकऱ्या कधी बघतच नव्हते, कारण जाणार कसं? १२ जानेवारी २०२४ ला लोकल उरणपर्यंत गेली आणि माझा नकाशाच बदलला. त्याच आठवड्यात मी जॉब अलर्टमध्ये उरण घातलं.

‘ओपन टू वर्क’ दोन प्रकारे लावता येतं. एकात फोटोभोवती हिरवी कडी येते आणि सगळ्यांना दिसते. दुसऱ्यात फक्त भरती करणाऱ्यांना कळतं. मी घरीच होते, म्हणून हिरवी कडी लावली, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझा भाचा ऐरोलीतल्याच एका आयटी कंपनीत नोकरीत असताना शोधत होता, त्याने दुसरा प्रकार घेतला. आपल्याच कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ते लपवण्याचा लिंक्डइन प्रयत्न करतं, पण पूर्ण खात्री ते स्वतःही देत नाहीत. नोकरीत असाल तर हे लक्षात ठेवून काय ते ठरवा.

ओळख काढणं

आपल्याकडे दोन माणसं भेटली की पाच मिनिटांत गाव, आडनाव, कॉलेज करत ओळख निघते. लिंक्डइनवर तेच उघड दिसतं. एखाद्या कंपनीचं पान उघडलं की तिथलं कोण आपल्या ओळखीचं आहे, आणि कोण आपल्या ओळखीच्यांच्या ओळखीचं आहे, हे कळतं. नोकऱ्यांचे अर्ज भरण्यापेक्षा मला याचा उपयोग जास्त झाला.

मी एका बैठकीत चाळीस नावं लिहून काढली. जुने सहकारी, शिपिंग लाइनच्या काउंटरवरचे, सीएफएसचे, ट्रान्सपोर्टवाले, बँकेत एलसी बघणारे, आणि पार्टीकडचे ज्यांच्याशी रोज फोनवर बोलणं व्हायचं. कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते, तीत कंपनी किंवा ठिकाण घालून चाळता येतं. ठाण्याच्या जोशी-बेडेकरला माझ्याबरोबर बी.कॉम. झालेल्या दोघी लॉजिस्टिक्समध्ये आहेत हे मला तिथेच कळलं.

रिक्वेस्ट पाठवताना सोबत दोन ओळी लिहा. मोफत खात्याला अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात, म्हणून त्या खऱ्या कामाच्या माणसांसाठी राखून ठेवा. आणि पहिल्याच मेसेजमध्ये नोकरी मागू नका. समोरच्याच्या हातात नोकरी नसते, मग तो अवघडतो आणि उत्तरच देत नाही. असं काहीतरी विचारा ज्याचं उत्तर त्याला सहज देता येईल. त्याने रिक्वेस्ट स्वीकारली की सविस्तर लिहायला जागा मिळते. मी एका शिपिंग लाइनमधल्या सरांना लिहिलेलं जसंच्या तसं देते:

‘नमस्कार सर. २०१५ ते २०२० मी बेलापूरच्या ऑफिसात एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला होते. रीफरच्या बीएल ड्राफ्टसाठी तुमच्याशी रोज बोलणं व्हायचं. घरातल्या आजारपणामुळे दोन वर्षं थांबले होते, आता परत काम शोधते आहे. सध्या डॉक्युमेंटेशनची टीम द्रोणागिरीच्या बाजूला बसते की बेलापूरलाच, एवढं सांगाल का? त्याप्रमाणे कुठे अर्ज करायचा ते ठरवीन.’

चाळिसांपैकी अकरा जणांनी उत्तर दिलं. या सरांनी चार दिवसांनी लिहिलं, ‘अरे तुम्ही! द्राक्षांच्या सीझनला रात्री अकरालाही ड्राफ्ट पाठवायचात. आमच्याकडे जागा नाही, पण माझ्या ओळखीचे एक फॉरवर्डर माणूस शोधतायत.’ ते फॉरवर्डर, म्हणजे निर्यातदारांच्या मालाच्या वाहतुकीची व्यवस्था करणारे, कुठेही जाहिरात देणार नव्हते.

ज्यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलं अशा दोघांकडून रेकमेंडेशन घ्या. मागताना ‘माझ्याबद्दल चांगलं लिहा’ असं म्हटलं तर ते साच्यातलं काहीतरी लिहितात. त्याऐवजी प्रसंगाची आठवण द्या: ‘सर, त्या वर्षी बंदरावर गाड्या अडकल्या होत्या तेव्हा आपण कागद कसे फिरवले, त्याबद्दल दोन ओळी लिहाल का?’

शोधायचं कुठे

‘जॉब्स’मध्ये अलर्ट लावा आणि गेल्या चोवीस तासांतल्या नोकऱ्या रोज बघा. जुन्या जाहिरातीवर शेकडो अर्ज साचलेले असतात. दोन-तीन शब्दांचा नेमका गट हवा असेल तर तो दुहेरी अवतरण चिन्हांत टाका, म्हणजे शब्द सुटे होऊन भलतंच येत नाही. ‘ईझी अप्लाय’ सोपं आहे, म्हणून सगळेच दाबतात. मी तिथे अर्ज केला की त्याच कंपनीतलं ओळखीचं किंवा ओळखीच्यांच्या ओळखीचं कोणी आहे का ते बघून एक मेसेजही टाकायचे.

छोटी फॉरवर्डिंग ऑफिसं ‘जॉब्स’मध्ये पैसे घालत नाहीत. त्यांचा मॅनेजर सरळ पोस्ट टाकतो: माणूस हवा, डॉक्युमेंटेशन, बेलापूर, लगेच. म्हणून शोधात नोकऱ्यांऐवजी ‘पोस्ट्स’ निवडून ‘हायरिंग’, ‘न्हावा शेवा’, ‘डॉक्युमेंटेशन’ असे शब्द टाका आणि ताज्या पोस्ट आधी लावा. हे फार थोडे लोक करतात.

स्वतः पोस्ट लिहावी का? रोज सुविचार टाकून नोकरी मिळत नाही. मी तीन महिन्यांत चारच पोस्ट लिहिल्या, सगळ्या कामातल्या. एक होती बंदराच्या नावाबद्दल. एलसीत ‘न्हावा शेवा’ लिहिलेलं आणि बीएलवर ‘जेएनपीटी’ छापून आलेलं. बंदर तेच, पण बँक कागद कागदाशी जुळवते आणि आमचे कागद परत आले होते. तेव्हापासून ड्राफ्टमध्ये मी सगळ्यात आधी बंदराचं नाव एलसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघते, एवढंच त्यात लिहिलं. त्या पोस्टखाली दोन अनोळखी मॅनेजरांनी प्रश्न विचारले. दोघेही आता माझ्या ओळखीचे आहेत.

पैसे मागितले की तिथेच थांबा

हिरवी कडी लावल्यावर चौथ्या दिवशी मला एका ‘एचआर मॅनेजर’चा मेसेज आला. पगार माझ्या अपेक्षेच्या दुप्पट, मुलाखत नाही, आणि लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून साडेचार हजार रुपये आधी भरायचे. घरात पैसा येत नसताना अशा मेसेजला मन कसं पाघळतं ते मला माहीत आहे. मी रक्कम टाइप करेपर्यंत गेले होते. सोसायटीतल्या ताईंना फोन केला म्हणून वाचले.

नोकरी देणारा कधीही पैसे मागत नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म, व्हेरिफिकेशन, कुठलंही नाव दिलं तरी नाही. समोरच्याच्या प्रोफाइलवर ‘अबाउट धिस प्रोफाइल’ उघडा, खातं कधी काढलं ते कळतं. मोठ्या कंपनीचा मॅनेजर म्हणवणाऱ्याचं खातं गेल्या महिन्यातलं असेल तर तिथेच समजा. ईमेल कंपनीच्या नावाचा आहे की साधा जीमेल, हे बघा. बोलणं लगेच टेलिग्रामवर नेत असेल तर बंद करा. आधार, पॅन, बँकेचे तपशील ऑफर लेटर हातात येऊन कंपनीची खात्री पटेपर्यंत देऊ नका आणि ओटीपी तर कुणालाच नाही. पैसे गेलेच तर रडत बसण्यात वेळ न घालवता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

फोन आल्यावर

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला पहिला फोन अंधेरीच्या एका ऑफिसचा होता. पगार कमी आणि रोजचे चार तास प्रवासात, म्हणून नाही म्हटलं. पण त्या फोनने मला सवय लागली. आता कुणालाही सांगते की वहीचं एक पान फोनजवळ ठेवा: शेवटचा पगार, अपेक्षित पगार, कधीपासून येऊ शकाल, आणि आपण केलेल्या तीन कामांचे आकडे. ऐन वेळी आठवत नाहीत. पगाराचा आकडा प्रोफाइलवर कुठेही लिहू नका, तो फोनवरच बोलायचा. बायोडेटा आणि प्रोफाइल यांतल्या तारखा एकमेकींशी जुळतात ना, तेही एकदा ताडून घ्या. आमच्या एलसीसारखंच आहे ते.

सरांनी सांगितलेल्या फॉरवर्डरकडे मी एप्रिलमध्ये गेले. त्यांनी माझं प्रोफाइल प्रिंट काढून समोर ठेवलं होतं आणि ‘रीफर कंटेनर’खाली पेनने रेघ मारली होती. जून २०२४ पासून मी तिथे आहे. नेरूळला गाडी बदलून उरणची लोकल पकडते. रुजू झाले त्या दिवशी हिरवी कडी काढली आणि त्या अकराही जणांना एकेक मेसेज करून कळवलं, कुठे लागले आणि तुमच्या उत्तराचा कसा उपयोग झाला. त्यातल्या दोघांनी नंतर त्यांच्या ओळखीच्या मुलींना माझ्याकडे पाठवलं.

या रविवारी काकांचा धाकटा मुलगा येणार आहे. तळोज्याला स्टोअर्समध्ये होता, मे महिन्यात त्याची नोकरी गेली. त्याला सांगितलंय, लॅपटॉप नको आणूस. दहा जाहिराती वहीत उतरवून आण, आणि सकाळी स्टोअरचं शटर उघडल्यावर तू पहिलं काय करायचास ते आठवून ये.